मागचं दार

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या मामांना जेवण जाईनासं झालं.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण आमचे मामा म्हणजे चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक माणूस. ज्वारीच्या दोन भाकरी, ठेचा आणि वर तांब्याभर ताक हा त्यांचा 'हलका आहार'. तो माणूस अर्ध्या भाकरीवर "बास, पोट गच्च झालं" म्हणून उठायला लागला तेव्हा मामींच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या तीन आठवडे आधी पित्ताशयातल्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन ते आठ दिवस दवाखान्यात काढून आले होते. आम्हाला वाटलं, सुटलो. कसलं काय! पुन्हा सीटी स्कॅन, आणि त्यात जठराच्या बरोब्बर मागे अकरा सेंटिमीटरची पाण्याची पिशवी.

जालना रोडवरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. पुढे जठर, मागे पिशवी. म्हणाले, "काका, तोंडातून दुर्बीण घालू, जठराच्या मागच्या भिंतीला छोटं भोक पाडू आणि या पिशवीतलं पाणी जठरात सोडून देऊ. बाहेर एकही टाका नाही."

मामांनी चित्राकडे नीट बघितलं. "म्हंजे टाकीचा ड्रेन प्लग आतल्या आतच काढायचा म्हणा की."

"अगदी बरोबर! पण आज नाही. अजून तीन आठवडे थांबू."

आणि इथे घरात युद्ध सुरू झालं. मोठे मामा म्हणाले, पाणी दिसतंय तर आजच काढा, तीन आठवडे कशाची वाट बघायची? मामींचं म्हणणं, हे डॉक्टर काहीच करत नाहीत, नुसते थांबा थांबा म्हणतात. मामेभाऊ हैदराबादचं तिकीट काढायला निघाला. कुणीतरी म्हणालं, पोट उघडून एकदाच काय ते साफ करून टाका. आणि घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की त्याला सगळंच कळतं असा आपल्याकडे समज असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मलाही त्या दिवशी मोठ्या मामांचंच पटत होतं. प्रॉब्लेम दिसतोय, जागा माहितेय, मग फिक्स का करायचा नाही?

पुढचे तीन वीकेंड मी हेच वाचत बसलो. जे सापडलं ते इतकं मजेदार निघालं, की नुसतं घरच्यांना सांगून ठेवणं बरोबर वाटेना. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी पेशंटची, म्हणजे स्वादुपिंडाची, ओळख. हा अवयव लपून बसण्यात पटाईत आहे. जठराच्या मागे, कण्याच्या पुढे, आडवा पडलेला. पोट चाचपून हाताला लागत नाही. बाहेरून सोनोग्राफी करावी तर मध्ये आतड्यातला गॅस येतो आणि ध्वनिलहरी गॅसमधून पुढे जात नाहीत. शिवाय स्वभाव तापट. इन्शुलिन बनवतो हे आपल्याला माहीत असतं, पण त्याचा बराचसा भाग पाचकरस बनवण्यात गुंतलेला असतो. ते रस नळीतून आतड्यात गेले तर वरणभात पचतो, आणि वाट चुकून बाहेर झिरपले तर आजूबाजूचं मांस, चरबी, खुद्द स्वादुपिंड, काहीही पचवायला लागतात. म्हणजे सर्व्हरने स्वतःचीच हार्ड डिस्क फॉरमॅट करायला घेणं :)

या नळीचा शोध १६४२ साली इटलीतल्या पादुआत लागला. योहान विर्सुंग नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला फाशी दिलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन करताना ती दिसली. आता गंमत बघा. ही नळी कशासाठी आहे ते त्याला कळेना, तर त्याने तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरलं, त्याचे छाप काढले आणि युरोपातल्या बड्या बड्या शरीरशास्त्रज्ञांना पाठवून सरळ विचारलं की बाबांनो, हे काय आहे? मला तर हा पावणेचारशेहून जास्त वर्षांपूर्वीचा मेलिंग लिस्टवरचा प्रश्नच वाटला. पण खात्रीचं उत्तर मिळण्याआधीच, १६४३ च्या ऑगस्टमध्ये, त्याच्या घराजवळ गोळी घालून त्याचा खून झाला. नळीला आजही त्याचंच नाव आहे.

पुढची दोन-अडीचशे वर्षं डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. पोट उघडणं म्हणजे मरण. भूल आणि निर्जंतुकीकरण आल्यावर सर्जन धीट झाले, पण स्वादुपिंडापर्यंत पोचले ते बरेचदा चुकून. १८८१ मध्ये न्यू यॉर्कच्या बोझमन यांनी एका बाईच्या पोटातली मोठी गाठ बीजकोशाची समजून काढायला घेतली, आणि ती निघाली स्वादुपिंडाची! १८८२ मध्ये प्रागच्या गुसेनबाउर यांनी वेगळी युक्ती केली. पिशवी काढायचीच नाही. ती उघडायची, तिच्या कडा पोटाच्या कातडीला शिवायच्या आणि रस बाहेर वाहू द्यायचा. रुग्ण जगायचा खरा, पण तो पाचकरस कातडीही पचवतो. पोटावर महिनोन् महिने वाहणारी जखम घेऊन जगणं काय असेल, कल्पना करा.

मग १९३१ मध्ये पोलंडच्या पोझनान शहरात युराश नावाच्या सर्जननी जे केलं ते वाचून मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि डॉक्टरांनी काढलेलं चित्र पुन्हा काढून बघितलं. त्यांनी पोट उघडलं, जठराची पुढची भिंत कापली, आत शिरून जठराच्या मागच्या भिंतीतून थेट पिशवीत वाट पाडली आणि दोन्हींच्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या. रस जठरात वाहायला लागला. बाहेर कशाला सोडायचा? जठराला पाचकरसाची सवय आहेच की. जे जठर इतकी वर्षं स्वादुपिंडाला झाकून बसलं होतं, तेच आता त्याच्याकडे जाण्याचं दार झालं. मामांचा ड्रेन प्लग तो हाच. फक्त युराश यांना तिथे पोचायला पुढून दोन भिंती फोडाव्या लागल्या.

त्या फोडायच्या नसतील तर तोंडातून जायला हवं. आणि तोंडातून आत बघायचं तर तिकडे उजेड न्यायला हवा, आणि वळणावळणांतून चित्र परत आणायला हवं. हा प्रश्न मात्र डॉक्टरांच्या आवाक्यातला नव्हता. १८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका जादूगाराला गाठून त्याच्या घशातून सरळ, कडक नळी जठरात उतरवली होती. नळी गेली, पण आतला उजेड इतका मिणमिणता की धड काही दिसेना. त्यातून तलवार गिळणारे पेशंट रोज कुठून आणायचे?

उत्तर काचेच्या तंतूंत होतं आणि ते शोधणाऱ्यांत एक आपला माणूस होता. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन करत होते. हजारो बारीक काचतंतूंची जुडी करायची, दोन्ही टोकांना प्रत्येक तंतूची जागा तीच ठेवायची, म्हणजे एका टोकावरचं चित्र ठिपक्याठिपक्याने दुसऱ्या टोकाला पोचतं, मग जुडी वाकवा हवी तशी. १९५४ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात काम करणाऱ्या बेझिल हिर्शोविट्झ या दक्षिण आफ्रिकन डॉक्टरने ते वाचलं आणि थेट लंडन गाठून ती जुडी बघून आला. पण एक बग होता. तंतू एकमेकांना चिकटले की एकातला प्रकाश दुसऱ्यात गळायचा, चित्र पुसट व्हायचं. तो बग सोडवला तिथल्याच लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने. त्याने काचेची कांडी वेगळ्या काचेच्या नळीत घातली, दोन्ही एकत्र तापवून ओढली, आणि प्रत्येक तंतूला स्वतःचं काचेचं आवरण मिळालं. प्रकाश आतल्या आत राहिला. हे १९५६ च्या डिसेंबरात. पुढच्या फेब्रुवारीत हिर्शोविट्झ यांनी ती दुर्बीण आधी स्वतः गिळली आणि मगच पेशंटला गिळायला लावली. (स्वतःच्या मशीनवर टेस्ट केल्याशिवाय प्रोडक्शनला टाकू नये, हे त्यांना कुणी शिकवलं असेल?)

इथे थोडं विषयांतर, पण आपल्या गावाचं आहे म्हणून चालेल. आपण ऑप्टिकल फायबर म्हटलं की इंटरनेट डोळ्यासमोर आणतो. पण टेलिफोनचे संदेश काचेतून लांब पाठवता येतील असं चार्ल्स काव यांनी मांडलं ते १९६६ मध्ये, आणि त्यासाठी पुरेशी स्वच्छ काच कॉर्निंगने बनवली १९७० मध्ये. म्हणजे काचतंतू आधी माणसाच्या पोटात गेला आणि मग जमिनीखाली. आज आमच्या वाळूज आणि शेंद्र्याला स्टरलाइटच्या कारखान्यांत काचेचे दांडे बनतात आणि त्यांतून केसासारखा फायबर ओढला जातो. आत एक काच, बाहेर आवरणाची दुसरी काच. कर्टिसचीच युक्ती. या शहरातले कितीतरी लोक रोज कंपनीच्या बसने तिकडे जातात, आणि आपण बनवतो त्या तंतूच्या आजोबाने पहिल्यांदा एका डॉक्टरच्या जठरात डोकावून पाहिलं होतं, हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत असेल.

असो. आता जठराच्या आत बघता येऊ लागलं, पण आपल्याला तर जठराच्या भिंतीपलीकडे बघायचंय. १९६८ मध्ये वॉशिंग्टनच्या मॅक्यून यांनी दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन, विर्सुंगची नळी जिथे उघडते त्या बारीक तोंडात उलट बाजूने रंगद्रव्य सोडलं आणि एक्स-रेवर ती नळी उमटली. हेच आजचं ईआरसीपी. जपानी डॉक्टरांनी ते लगोलग सफाईदार केलं. १९७३ मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी, आणि त्याच सुमारास क्योतोत कवाई यांनी, तारेने ते तोंड कापून अडकलेले खडे काढून दाखवले. १९७९ मध्ये हॅम्बुर्गला नीब सोहेन्द्रा या मूळच्या इंडोनेशियाच्या डॉक्टरने गाठीमुळे दबलेल्या पित्तनलिकेत प्लॅस्टिकची नळी बसवली. ज्यांच्या घरात स्वादुपिंडाच्या गाठीमुळे कावीळ झालेली कुणी व्यक्ती आहे त्यांना विचारा, या स्टेंटची किंमत काय ते. गाठ तिथेच असते, पण रात्ररात्र जागवणारी खाज थांबते, डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो, केमोथेरपी सुरू करता येते. फक्त स्वादुपिंड मुळात तापट. त्याच्या नळीला धक्का लागला की काहींना ईआरसीपीमुळेच सूज येते. समोरच्या दाराने गेलं की यजमान चिडतो, असा प्रकार.

मागचं दार उघडलं ते आवाजाने. बाहेरून सोनोग्राफीला गॅस आडवा येतो ना? मग सोनोग्राफीचं यंत्रच दुर्बिणीच्या टोकाला बसवून जठरात उतरवलं तर? १९८० मध्ये अमेरिकेत डिमॅग्नो आणि जर्मनीत श्ट्रोम-क्लासेन यांनी अशा पहिल्या दुर्बिणी जाहीर केल्या. आता यंत्र आणि स्वादुपिंड यांच्यात उरली फक्त जठराची भिंत. पण सुरुवातीच्या यंत्रांत चित्र गोल, आडव्या चकतीसारखं यायचं. सुई घातली तर चकतीत तिचा नुसता ठिपका दिसणार. टोक कुठे घुसलंय ते कळायला नको? नव्वदच्या आसपास उभा छेद दाखवणारं यंत्र आलं आणि सुई पूर्ण लांबीची, पांढऱ्या रेघेसारखी, पडद्यावर दिसायला लागली. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या व्हिलमान यांनी अशा सुईने स्वादुपिंडाच्या गाठीतल्या पेशी काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी हॅम्बुर्गहून ग्रिम, बिनमोलर आणि सोहेन्द्रा यांनी याच पद्धतीने पिशवी जठरात मोकळी केल्याचं जाहीर केलं. युराश यांचं ऑपरेशन, एकही भिंत बाहेरून न फोडता.

माझ्या मते या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची ही सुई आहे. का, ते सांगतो.

आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने स्टीव्ह जॉब्सचं २००५ चं स्टॅनफर्डचं भाषण कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यात तो सांगतो ना, घशातून दुर्बीण घालून सुईने स्वादुपिंडातल्या पेशी काढल्या, आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघताना डॉक्टरांना रडू आलं? ती हीच तपासणी. गाठ निघाली न्यूरोएंडोक्राइन प्रकारची, तुलनेने सावकाश वाढणारी, ऑपरेशनने बरी होण्यासारखी. हे २००३ च्या ऑक्टोबरात. भाषणात तो जे सांगत नाही ते असं, की त्यानंतर त्याने नऊ महिने ऑपरेशन टाळलं, आहाराचे आणि पर्यायी उपचारांचे प्रयोग केले, आणि २००४ च्या जुलैत शेवटी ऑपरेशन झालं. २०११ मध्ये तो गेला. लवकर ऑपरेशन झालं असतं तर काय, हे आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण सुईने 'थांबू नका' असं सांगितलेलं असताना तो थांबला, एवढं खरं.

आणि प्रत्येक वेळी सुईला सांगण्यासारखी चांगली बातमी असतेच असंही नाही. आयआयटी मुंबईतून धातुशास्त्र शिकलेले, गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीत मुंबईत दाखल झाले. त्यानंतर अमेरिका, दिल्ली, सगळीकडे उपचार झाले. नाकात नळी घालून २०१९ च्या जानेवारीत विधानसभेत अर्थसंकल्प मांडणारे पर्रीकर आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. १७ मार्च २०१९ ला ते गेले. स्वादुपिंडाचा नेहमी आढळणारा कर्करोग दुर्बिणीने काढता येत नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं, कारण 'बिनटाक्याचं ऑपरेशन' अशा जाहिराती वाचून लोकांचा भलताच समज होतो. तिथे दुर्बीण निदान करते, कावीळ उतरवते, दुखणं असह्य झालं तर मज्जातंतूंच्या जाळ्यात औषध सोडून ते कमी करते. बरं करण्याची आशा असलीच तर ती वेळेत केलेल्या मोठ्या ऑपरेशनमध्ये आणि सोबतच्या केमोथेरपीत. (पोटाच्या या भागातल्या मोठ्या ऑपरेशनांचं जग कसं होतं ते मराठीतून समजून घ्यायचं तर डॉ. वि. ना. श्रीखंडे यांचं '...आणि दोन हात' मिळवून वाचा. माझ्या आईची प्रत मी ढापली आहे.) अपवाद आहेत. इन्शुलिन अतोनात पाझरवून माणसाला वारंवार बेशुद्ध करणारी इन्शुलिनोमा नावाची छोटी गाठ असते. गेल्या काही वर्षांत काही मोठ्या केंद्रांमध्ये ती सुईच्या टोकाशी रेडिओलहरींची उष्णता देऊन जाळतात. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पिशव्यांचंही तेच. मामांची पिशवी म्हणजे स्यूडोसिस्ट असण्याची शक्यता जास्त होती. सूज आल्यावर झिरपलेला रस शरीराने स्वतःच भिंत घालून कोंडला, तिला आतून स्वतःचं अस्तर नाही, म्हणून 'खोटी'. पण स्वादुपिंडात खऱ्या पिशव्याही होतात, चिकट स्राव बनवणाऱ्या, आणि त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होऊ शकतो. अशी पिशवी खोटी समजून जठरात मोकळी करणं ही घोडचूक. म्हणून आधी सूज येऊन गेली होती का हे विचारायचं, भिंत नीट बघायची, शंका असेल तर सुईने थोडं पाणी काढून तपासायचं. अमायलेझ खूप असेल तर रस झिरपलेला आहे. सीईए नावाचं प्रथिन जास्त, २००४ च्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅमच्या वर, तर चिकट स्रावाची पिशवी असण्याचा संशय.

म्हणजे एकाच जागी दोन पाहुणे. एकाच्या बाबतीत थांबणं घातक, दुसऱ्याच्या बाबतीत घाई घातक. आणि घाईची गोष्ट तर डॉक्टर लोक शंभर वर्षं शिकतायत. १८८९ मध्ये बॉस्टनच्या फिट्झ यांनी या सुजेचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं तेव्हाच बजावलं होतं की सुरुवातीला ऑपरेशन करणं धोक्याचं. तरी सर्जन पोट उघडत राहिले, कारण समोर माणूस तडफडत असताना हात बांधून बसवत नाही. (आमच्या घरातल्या युद्धाचं कारणही हेच होतं.) १९२९ मध्ये एल्मन यांनी रक्तातल्या अमायलेझची तपासणी आणली, आणि तेव्हा कळलं की सूज येऊन आपोआप बरे होणारेही पुष्कळ असतात, ते पोट उघडलं नाही म्हणून कुणाला दिसलेच नव्हते!

अलीकडची कामगिरी डच डॉक्टरांची. ज्यांच्या स्वादुपिंडाचा भाग सडून त्यात जंतुसंसर्ग झालाय अशा ८८ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एकाला थेट मोठं ऑपरेशन, दुसऱ्याला आधी नुसती नळी आणि लागलंच तर पुढचं. २०१० मध्ये निकाल आला: मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ४०. दुसऱ्या गटातल्या ३५ टक्क्यांना नळीपलीकडे काही लागलंच नाही. २०१८ मध्ये त्यांनी ९८ रुग्णांमध्ये दुर्बिणीची पायरी-पायरीची पद्धत आणि सर्जरीची पायरी-पायरीची पद्धत यांची तुलना केली. मृत्यू आणि मोठी गुंतागुंत दोन्हीकडे जवळपास सारखी, पण रस बाहेर वाहत राहण्याचा त्रास सर्जरीत ३२ टक्के तर दुर्बिणीत ५ टक्के. गुसेनबाउर यांच्या पेशंटची ती वाहणारी जखम आठवा. आणि २०२१ मध्ये कमाल केली. संसर्ग कळल्याबरोबर लगेच नळी घालायची, की अँटिबायोटिक देऊन भिंत पक्की होईपर्यंत थांबायचं? लगेच घातल्याने फायदा झाला नाहीच, उलट थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांना नळी लागलीच नाही.

मामांना संसर्ग नव्हता, त्यांचं प्रकरण यापेक्षा खूपच सौम्य. पण तत्त्व तेच. भिंत पिकायला आणि पिशवी जठराला नीट चिकटायला साधारण चार आठवडे तरी लागतात. त्याआधी भोक पाडलं तर रस जठरात जायच्या ऐवजी पोटात पसरायचा. हे मी मोठ्या मामांना दोन फोन आणि एक चहा एवढ्या वेळात समजावलं. ते म्हणाले, "कच्च्या सिमेंटवर नळ बसवू नये, असं सांग की सरळ." (ते घरं बांधायचे.)

हैदराबादचा विषय मात्र दोन दिवस चालला, आणि त्यात मामेभावाची चूक नव्हती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून आपल्या लोकांचे पाय अडचणीत तिकडे वळतात. रात्री गाडीत बसलं की सकाळी सिकंदराबाद. त्यातून डॉ. नागेश्वर रेड्डींची एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी तिथे. देशभरातले तरुण डॉक्टर तिथे ही दुर्बीण शिकायला जातात, आणि २०२५ मध्ये रेड्डींना पद्मविभूषण मिळालं. मुंबईत डॉ. अमित मायदेव यांनी हेच काम उभं केलं. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, त्याच वर्षी औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज, म्हणजे आपली 'घाटी', सुरू झाली. तिकडे मिशिगनमध्ये कर्टिसने काच ओढली तीही त्याच वर्षी! तेव्हाच्या औरंगाबादेत कुणी स्वादुपिंडाला सुजून आडवा झाला असता तर सलाइन आणि देवाचं नाव, एवढंच. आज संभाजीनगरात हे काम करणारा डॉक्टर आम्हाला घरापासून रिक्षाच्या अंतरावर मिळाला. आम्ही कुठेही गेलो नाही.

सहा आठवडे भरल्यावर मामांना नेलं. तोवर त्यांचं वजन चांगलंच उतरलं होतं आणि मामींनी डॉक्टरांशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. चाळीसेक मिनिटं लागली. मामी बाहेर बाकावर मारुतीस्तोत्र म्हणत होत्या आणि मी उगाच फोनवर मेल बघत होतो. एकही वाचली नाही.

नंतर डॉक्टरांनी रेकॉर्डिंग दाखवलं. करड्या पडद्यावर काळं कुट्ट तळं. आधी त्यांनी रंगीत डॉपलर लावून भिंतीत कुठे रक्तवाहिनी आहे ते बघितलं, कारण यातला मोठा धोका रक्तस्रावाचा. मग तिरपी पांढरी रेघ, सुई, टचकन आत. सुईतून तार, तारेवरून फुगा फुगवून भोक रुंद केलेलं, आणि शेवटी दोन प्लॅस्टिकच्या नळ्या, दोन्ही टोकांना डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं, म्हणजे घसरून जाऊ नयेत. पाणी जठरात भसाभस यायला लागलेलं दिसतं त्या क्षणी पाठीमागून सिस्टरचा आवाज येतो, "निघालं, निघालं!" एवढं ऐकून मामी रडल्या. पाण्याचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. अमायलेझ भरपूर, सीईए कमी. खोटीच पिशवी.

दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला. पिशवी गायब. दहा मिनिटांत दुर्बिणीने नळ्या ओढून काढल्या. मूळ भांडण ज्याने लावलं ते खडे असलेलं पित्ताशयही त्यानंतर दुर्बिणीने काढून झालं. नळ्या काढल्या त्या दिवशी मामांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, हे धुऊन परत बसवता येतंय का?" डॉक्टर म्हणाले, नाही काका, ते लाल पिशवीत जाणार. "म्हंजे स्क्रॅप!" मामा हळहळले. एसटीत असता तर एवढा चांगला पार्ट त्यांनी वाया जाऊ दिला नसता म्हणे.

परत येताना शहागंजापाशी त्यांनी मला गाडी हळू घ्यायला लावली. नान-खलियाचा वास येत होता. मामींनी मागच्या सीटवरून नुसतं बघितलं, बोलल्या काहीच नाहीत.

मी गाडी सरळ घरी घेतली. मामा दोन भाकरी जेवले. ठेच्याशिवाय.